परळीचा वियोग, पन्हाळ्याची भेट

कर्ता मुलगा विन्मुख झाला, बोलेनासा झाला अथवा घर टाकून गेला, तर मातापित्यांनी काय करावे, हा प्रश्न वासनिक सद्भक्त वारंवार विचारतात. ‘प्रपंच म्हणजे दुःखच’ एवढ्यावर त्याची बोळवण करणे उचित नव्हे. भडोचेस विशाळदेव प्रधानांनी रामयात्रेस निघालेल्या पुत्रास जड अंतःकरणाने अनुज्ञा दिली. परंतु ती ईश्वरलीळा होय, तिचा दाखला घरच्या कलहास लावता येत नाही. जेथे पुत्र विवेक चुकून जातो, तेथील विचार निराळा. त्यासाठी सातारा-सांगलीच्या भूमीवरील एक प्रसंग अभ्यासण्याजोगा आहे.

संभाजीराजे दोन वर्षांचे असताना मातोश्री सईबाई निवर्तल्या. ज्यांनी सांभाळ केला त्या आजी जिजाऊ १६७४ मध्ये गेल्या. पुढे घरात सापत्नभाव, दरबारात प्रधानांशी बेबनाव, आणि पिता कर्नाटकाच्या दीर्घ मोहिमेवर. तरुण मनास आपले म्हणावे असे कोणी जवळ उरले नव्हते. महाराजांनी परतल्यावर पुत्रास साताऱ्याजवळील परळीच्या गडावर, म्हणजे सज्जनगडावर, ठेवले. तेथून डिसेंबर १६७८ मध्ये राजे पत्नीसह निघाले आणि मोगल सरदार दिलेरखानास जाऊन मिळाले. वय अवघे एकवीस वर्षांचे. कोणी अभ्यासक यास राजनीतीचा डाव मानतात. परंतु पुढे जे घडले त्यावरून पित्याच्या यातना तरी खऱ्याच होत्या.

एप्रिल १६७९ मध्ये दिलेरखानाने भूपाळगड घेतला. आजच्या सांगली जिल्ह्यातील खानापूर तालुक्यातला हा बाणूरगड. वेढा घालणाऱ्या फौजेत धन्याचाच पुत्र उभा. गड पडल्यावर सातशे जणांचा एकेक हात तोडल्याची नोंद मिळते. अपत्याच्या चुकीचे मोल परक्यांनी द्यावे, याहून आईबापांस मोठी लाज कोणती? अशा वेळी ‘तो आमचा नव्हेच’ म्हणून मोकळे व्हावेसे वाटते. महाराजांनी तसे केले नाही. माणसे पाठवून परतीची वाट उघडी ठेवली, असे इतिहासकार सांगतात. मात्र पुत्राच्या मोहाने स्वराज्याचे काम एक दिवसही थांबविले नाही.

अनुताप बाहेरून घालता येत नाही. तो अथणीस उपजला. तेथील निरपराध रयतेवर खानाने केलेला जुलूम राजांस सोसवला नाही. नोव्हेंबर १६७९ मध्ये त्यांनी छावणी सोडली आणि विजापूरमार्गे ते पन्हाळ्यास आले.

जानेवारी १६८० मध्ये पितापुत्रांची भेट झाली. सभासदाच्या बखरीप्रमाणे महाराजांनी रागे न भरता राज्याच्या वाटणीचा विचार पुत्रापुढे ठेवला, आणि पुत्राने वाटा न मागता दूधभातावर राहून पायांची सेवा करण्याची इच्छा सांगितली. येथे बारकाईने पाहावे. क्षमा तत्काळ झाली. अधिकार मात्र तत्काळ सोपविला नाही. राजांस पन्हाळ्यावरच ठेवले. परत आलेल्या मुलास पोटाशी धरणे आणि त्याच्या हाती तिजोरीच्या किल्ल्या देणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिलीस विलंब करू नये, दुसरीस घाई करू नये. पुष्कळ घरांत नेमके याच्या उलट घडते: पैसा मुकाट्याने दिला जातो आणि शब्द मात्र वर्षानुवर्षे अडून राहतो.

तथापि या थोर पित्याच्या घरीही काही उणे राहिलेच. मार्च १६८० मध्ये रायगडावर राजारामांची मुंज व विवाह झाला. थोरल्या पुत्राची तेथे उपस्थिती नव्हती. सावधगिरी म्हणावी, तर भेट होऊन दोन महिने लोटले होते. अजून वेळ आहे, असे घरातील सर्वांसच वाटले असावे.

३ एप्रिल १६८० रोजी महाराजांनी रायगडावर देह ठेवला. संभाजीराजे त्या वेळी पन्हाळ्यावरच होते.