पोटाचा घेर आणि आरोग्य

सुटलेले पोट म्हणजे खात्यापित्या घरचे लक्षण, असा समज आपल्याकडे अजून आहे. हातपाय किरकोळ आणि पोट तेवढे पुढे आलेले, अशी माणसे जळगाव जामोदच्या बाजारात कोणत्याही दुकानाच्या गादीवर दिसतील. त्यांना कोणी लठ्ठ म्हणत नाही. वजनकाटाही त्यांच्याच बाजूने साक्ष देतो.

पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी या फसवणुकीवर नेमके बोट ठेवले. २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी स्वतःची आणि इंग्लंडमधील सहकारी डॉ. जॉन युडकिन यांची तुलना मांडली. उंचीच्या मानाने वजन दोघांचे सारखेच. पण अंगातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के! आपल्या लोकांत स्नायू कमी, चरबी जास्त, आणि तीही पोटात. पुण्याजवळच्या खेड्यांतील पाहणीत ही ठेवण नवजात बाळांतही आढळली.

म्हणून काट्याबरोबर टेपही वापरावी. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर माप घ्यावे. पोट आत ओढू नये! पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या पुढे धोका सुरू होतो.

पोटातील चरबी नुसती पडून राहत नाही. तिच्यातील मेदाम्ले यकृतात उतरतात, इन्सुलिनचा प्रभाव कमी होतो. मग मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार. झोपेत घोरणे व श्वास अडकणे हेही त्यातलेच. गुडघेदुखीच्या रुग्णाचे वजन एक किलोने उतरले, तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो.

थायरॉइडचा विकार किंवा स्टेरॉइडसारखी औषधे हे कारण थोड्यांचेच. बहुतेकांचे खाणे वडिलांइतकेच राहिले, पण वखर सुटला आणि बुडाखाली मोटारसायकल आली. दोष ज्वारीच्या भाकरीला देऊ नये. तेलाच्या एका ग्रॅमला ९ उष्मांक पडतात; शेगावची कचोरी कशात तळतात हे सांगायला नको. दोन चमचे साखरेचे पाच कप चहा म्हणजे साखरेचेच सुमारे २०० उष्मांक. एकादशीची साबुदाणा खिचडी हाही वजन उतरवण्याचा उपाय नव्हे.

ऐंशी किलोच्या माणसाने चार ते आठ किलो उतरवले, तरी साखर आणि रक्तदाबात फरक दिसतो. मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील त्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवण तोडू नये. टेपचे माप पुढे गेले असेल, तर तक्रार नसली तरी उपाशीपोटी साखर आणि रक्तदाब तपासून घ्यावा.