आधी गळा, मग घुमारा

महाड-पोलादपूरच्या माणसाला आवाजाची पारख शिकवावी लागत नाही. इथे गावोगाव भजनी मंडळं आहेत, सप्ताह बसतात, काल्याच्या कीर्तनाला पखवाज हातभर अंतरावरून ऐकायला मिळतो. डाव्या पुडीवर कणीक चढली की आवाज कसा खाली उतरतो, हे शाळकरी पोरंही ऐकून ओळखतात. शिमग्याला पालखीपुढे खालू बाजा असतोच. असा तयार कान असलेली माणसं घरी मात्र एकाच सुरात धबधब करणारा खोका आणतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. बेताच्या पैशांतही घरात चांगला आवाज येऊ शकतो. शेजारीपाजारी, सोयरे, गणपतीला मुंबईहून आलेले चाकरमानी ‘कुठला घेऊ?’ म्हणून विचारतात तेव्हा जे सांगतो, ते इथे मांडतो.

१. दुकानात आधी सबवूफर बंद करायला सांगा.

दुकानात नेमकं उलटं चालतं. सबचं बटण शेवटपर्यंत फिरवतात, डीजेचं गाणं लावतात, काउंटरची काच थरथरते आणि सौदा ठरतो. तुम्ही सब बंद करून उरलेल्या दोन स्पीकरांवर पंडित भीमसेन जोशींची अभंगवाणी लावा. गळा भरदार येतो का? टाळ सुटे ऐकू येतात, की नुसता सळसळाट? मग बातम्या लावा. निवेदिकेचे ‘स’ आणि ‘श’ कानाला टोचले, तर ट्वीटर हलका आहे.

काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुषाचा षड्ज साधारण १३८ हर्ट्झवर असतो आणि तानपुऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, म्हणजे ६९ वर. टू पॉइंट वन सेटमधल्या मुठीएवढ्या स्पीकरांचा तीन इंची पडदा दीडशे-दोनशेच्या खाली दम टाकतो. मग तिथपर्यंतचं सगळं सबलाच गावं लागतं, आणि बुवांचा अर्धा गळा टीव्हीशेजारून तर अर्धा कोपऱ्यातून येतो. साधारण ८० हर्ट्झच्या खालचा आवाज कुठून येतोय हे कानाला उमगत नाही, त्याच्या वरचा उमगतो. ही फाटाफूट खटकते ती त्यामुळे. पाच ते साडेसहा इंची वूफरची बुकशेल्फ जोडी सहसा ८० च्या आसपास पोचते. हाताशी पैसे थोडे असतील तर ही जोडी आणि साधा अ‍ॅम्प्लिफायर आत्ता घ्या, सब पुढच्या दिवाळीला. जोडी चांगली असेल तर सबशिवायचं ते वर्षही सुखाचं जातं. स्वस्तातला सब आणि त्याहून स्वस्त स्पीकर एकदम घेतले, तर पुढे दोन्ही बदलावे लागतात.

२. खोक्यावर छापलेले पीएमपीओ वॉट वाचूच नका.

त्या हजारांच्या आकड्यांना सर्वमान्य मोजमाप नाही. आरएमएस, म्हणजे अखंड देता येणारे वॉट, विचारा, आणि त्याच्याही आधी सेन्सिटिव्हिटी: एक वॉट दिला की एक मीटरवर किती डेसिबल? एक जोडी ८४ ची आणि दुसरी ९० ची असेल, तर तेवढ्याच आवाजासाठी पहिलीला चौपट वॉट लागतात. घरातल्या रोजच्या ऐकण्याला एक-दोन वॉट पुरतात. बाकीचे तबल्याच्या थापेला लागतात, तेही क्षणभरच.

३. खोली पाहिल्याशिवाय सब घेऊ नका.

एकच सेट महाडमधल्या स्लॅबच्या फ्लॅटमध्ये आणि पोलादपूरकडच्या कौलारू घरात ऐकलात, तर एकच आहे हे पटणार नाही. स्लॅब, प्लॅस्टरच्या भिंती आणि फरशी खालच्या सुरांना बाहेर जाऊ देत नाहीत. ते खोलीतच फिरतात आणि साठतात. कौलांच्या फटींतून आणि उघड्या पडवीतून तेच सूर निसटतात; तिथे बेस मोकळा येतो, पण कमी पडतो. म्हणून दहा बाय चौदाच्या खोलीत आठ इंची सब पुष्कळ झाला, तर ओटी आणि माजघर मिळून एकच ऐसपैस जागा असेल तिथे दहा इंची हवा.

आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. खोली १४ फूट लांब असेल, तर ४० हर्ट्झच्या लाटेची बरोबर अर्धी लांबी त्या दोन भिंतींमध्ये बसते. असा सूर भिंतींपाशी फुगतो आणि खोलीच्या मधोमध जवळजवळ नाहीसा होतो. मधल्या सोफ्यावर बसलेला मुलगा म्हणतो, ‘सब वाजतच नाही,’ आणि भिंतीला टेकून बसलेल्या आजी म्हणतात, ‘माझ्या कानात दडे बसले, कमी कर रे!’ दोघंही खरं सांगत असतात.

यावर फुकटचा उपाय आहे. सब उचलून तुम्ही नेहमी बसता त्या खुर्चीवर ठेवा. बेस वरखाली चालत राहतो असं गाणं लावा आणि भिंतीच्या कडेने चक्क रांगत जा, कान सब जेवढा उंच तेवढ्यावर ठेवून. एका कोपऱ्यात एकच सूर घुमेल, पुढे हातभरावर काहीच उरणार नाही, आणि कुठे तरी सगळे सूर सारखे येतील. सब तिथे ठेवायचा. पोलादपूरजवळच्या आमच्या मामांकडे ती जागा नेमकी भाताच्या कणगीमागे निघाली. मामी आधी ‘अरे, रांगतोस काय लहान पोरासारखा!’ म्हणाली. मग स्वतः खुर्चीजवळ आणि कणगीजवळ उभी राहून दोनदा ऐकलंन, आणि कणगी सरकवायला मामांना हाक मारलीन.

४. फाटका वाटणारा बेस बहुतेकदा स्पीकरचा नसतो.

सब आला की घर बोलायला लागतं. मांडणीवरची स्टीलची ताटं, भिंतीवरच्या तसबिरी, कपाटाची काच, पडवीवरचा सैल पत्रा. मोबाइलवर टोन जनरेटरचं ॲप मिळतं. ३० हर्ट्झपासून १०० पर्यंत सूर हळूहळू चढवा, आणि दुसऱ्या माणसाने वस्तूंवर हात ठेवत घरभर फिरावं. हात ठेवल्यावर खडखड थांबली की चोर सापडला. तसबिरीमागे फेल्टची टिकली, ताटांखाली सायकलच्या ट्यूबची पट्टी, पत्र्याला एक स्क्रू. एवढं केल्यावर स्पीकर बदलायला निघालेली माणसं थांबलेली मी पाहिली आहेत.

५. जोडणी सेलने तपासा.

स्पीकर अ‍ॅम्प्लिफायरपासून सोडवा, जाळी काढा. दीड व्होल्टच्या साध्या सेलची धन बाजू लाल टोकाला आणि ऋण बाजू काळ्या टोकाला क्षणभर टेकवा. ‘टप’ असा आवाज होऊन वूफरचा पडदा बाहेर आला तर तारा बरोबर. आत गेला तर कुणीतरी आत उलट जोडल्या आहेत. जोडीतला एक बाहेर आणि एक आत असेल, तर दोघं एकमेकांचा बेस खातात आणि कितीही महाग सब आणला तरी भरून निघत नाही.

मग सबकडे वळा. क्रॉसओव्हर, म्हणजे सबने कुठल्या सुरापर्यंत गायचं ती हद्द, ८० वर ठेवून सुरुवात करा. मागचं फेजचं बटण शून्य आणि १८० वर आलटूनपालटून पाहा. बसल्या जागी जिथे आवाज भरलेला वाटेल तिथे ठेवा. सबचा व्हॉल्यूम शून्यावरून वाढवत न्या आणि सब वेगळा ऐकू येऊ लागला की किंचित मागे घ्या. डोळे मिटून बसा आणि कुणाला तरी न सांगता सब बंद करायला लावा. पखवाज एकदम पातळ झाला, पण तोवर सब कुठे ठेवलाय हे सांगता येत नव्हतं, म्हणजे जमलं. अ‍ॅम्प्लिफायरला सबचं वेगळं आउटपुट नसेल, तर स्पीकरच्याच तारा घेणारा हाय-लेव्हल इनपुटचा सब निवडा.

६. छोट्या खोक्याकडून सगळं मागू नका.

लहान खोका, खोल बेस आणि थोड्या वॉटमध्ये मोठा आवाज, या तिघांतली दोनच एका वेळी मिळतात. अमेरिकेत एडगर विल्चर यांनी १९५४ साली बंद खोक्यातली हवाच स्प्रिंगसारखी वापरून एआर-१ हा स्पीकर आणला. खोका लहान राहिला, बेस खोल गेला, पण अ‍ॅम्प्लिफायर ताकदीचा लागू लागला. पोर्टवाला, म्हणजे नळीचं भोक असलेला खोका कमी वॉटमध्ये जास्त बोलतो, पण नळी ज्या सुराला लावलेली असते त्याच्या खाली झपाट्याने ढेपाळतो. स्वस्त सबांत हा सूर वर धरलेला असतो. दणका मोठा येतो आणि प्रत्येक गाण्यात तोच येतो. भजनाला बंद खोका मला जास्त आवडतो. सिनेमे जास्त पाहत असाल तर पोर्टवाला घ्या, आणि आपल्याकडे नळीच्या तोंडावर डासांची विरळ जाळी ताणून लावा. पालीला, झुरळाला, उंदराच्या पिलाला त्याहून उबदार जागा पावसाळ्यात मिळत नाही.

७. आधी अर्थिंग, मग सब.

पॉवर्ड सबच्या आत स्वतःचा अ‍ॅम्प्लिफायर असतो. अर्थिंग नसेल, किंवा टीव्हीला डिशची केबल एकीकडून आणि सबला वीज दुसरीकडून येत असेल, तर अखंड ‘हूं’ ऐकू येतं. सगळी उपकरणं एकाच बोर्डावर घ्या. डिशची केबल काढून पाहा. गुणगुण थांबली तर कारण तेच. मीठ-कोळशाचा जुना खड्डा मेमध्ये कोरडा पडतो, त्यात पाणी घाला. स्वस्त इन्व्हर्टरच्या चौकोनी लाटेवर काही सब गुरगुरतात, तेही घेण्याआधी विचारा. वळवाच्या आणि परतीच्या पावसात विजा कडाडू लागल्या की पिना काढायच्याच. सबची वीज, टीव्हीची वीज आणि डिशची केबल, तिन्ही.

८. जुन्या गाण्यांना सब फारसं काही देत नाही.

जुन्या तबकड्यांवरच्या नाट्यपदांत तळाचा बेस नाहीच. तिथे सब नुसती घरघर मोठी करतो, बंद ठेवलेला बरा. सब पारखायचा असेल तर २०१६ चा ‘सैराट’ लावा. अजय-अतुल यांनी त्याचा वाद्यवृंद लॉस एंजेलिसला ध्वनिमुद्रित केला. वाद्यवृंदातल्या डबल बेसची सर्वांत खालची तार साधारण ४१ हर्ट्झवर असते. सुरांच्या त्या लांब ओढी वेगवेगळ्या ऐकू आल्या, तर सब कामाचा.

९. रात्रीचा हिशेब वेगळा.

आवाज कमी केला की कानाला बेस सर्वांत आधी कमी वाटू लागतो. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये हे मोजून दाखवलं. म्हणून रात्री सब वाढवायचा मोह होतो. पण भिंतीतून शेजारी पोचतो तो बेसच. स्पीकर भिंतीपासून सुटे करा, जवळ बसा, सब आहे तिथेच राहू द्या.

१०. खरेदी करताना जुलै आठवा.

इथली दमट हवा फोमची कड खाते, कागदी पडद्यावर बुरशी धरते, तारांची टोकं काळी पाडते. कड रबराची बघा, पडदा पॉलिप्रॉपिलीनचा मिळाला तर उत्तम. आठवड्यातून दोनदा सेट तासभर वाजवा, आतली ऊब ओल हटवते.

आणि पूर. जुलै २०२१ मध्ये सावित्री आणि गांधारीचं पाणी महाडच्या बाजारपेठेत कसं चढलं, ते पाहिलेल्या माणसाला सांगायला नको. स्पीकर भिंतीवर असतात, सब जमिनीवर. पहिला बळी त्याचाच. तळमजल्यावर राहत असाल तर एकट्याला उचलून माळ्यावर नेता येईल एवढ्याच वजनाचा घ्या. दहा इंची सब साधारण बारा-पंधरा किलो भरतो. तारा पटकन सुटतील अशा ठेवा, त्यांच्या टोकांना रंगीत टेप लावा, म्हणजे घाईत काढल्या तरी पुन्हा जोडताना उलटसुलट होत नाहीत.

पाण्यात गेलेला सब वरून वाळला तरी पिन खोचू नका. आतला सर्किट बोर्ड मेकॅनिककडून धुऊन, वाळवून घ्या. स्पीकरांचं तसं नाही. पडद्यावर चारही बाजूंनी बोटं ठेवून हलकेच आत दाबा. खरखर लागली तर कॉइलच्या फटीत गाळ गेला आहे, तो वूफर संपला. पडदा बिनआवाज आत-बाहेर झाला तर वूफर वाचला, मग खोका फुगून फाटला असला तरी चालेल. सुताराकडून आतल्या मापाचा तेवढाच खोका जाड प्लायवुडमध्ये करून घ्या, नळी असली तर तीच आणि तेवढ्याच लांबीची बसवा, वूफर-ट्वीटरमध्ये सूर वाटणाऱ्या आतल्या क्रॉसओव्हरच्या तारा नव्या टाका आणि जोडण्याआधी सेल लावून पडदा बाहेर येतो ना, ते पाहा.