ग्लुटेनरहित न्याहारी व खाऊ : लाजा, पृथुक आणि आमची एक चूक

सीलिअ‍ॅक व्याधीचे निदान झालेला रुग्ण आला की ‘गहू बंद’ एवढे सांगून आपण बहुधा थांबतो. ते अपुरे आहे. ग्लुटेन गव्हाप्रमाणेच यव व राय या धान्यांतही असते. यव आपल्या शास्त्रात प्रमेहादी विकारांत प्रशस्त, त्यामुळे गव्हाऐवजी सक्तु सुचविण्याचा मोह होतो. या व्याधीत तो सर्वथा टाळावा. आपल्याकडील सातूच्या पिठात तर अनेकदा गहूच असतो.

आमच्याकडे नऊ वर्षांची एक मुलगी चिकित्सेसाठी येत असे. पोळी, पाव, बिस्किटे सर्व बंद. तरी तीन महिन्यांत वजन वाढेना, द्रवमलप्रवृत्ती थांबेना. आम्ही आईच्या पथ्यपालनावर संशय घेतला, हे नमूद करताना संकोच वाटतो. अखेर स्वयंपाकघरातील डबे व पाकिटे घेऊन येण्यास सांगितले. न्याहारीचे मक्याचे पोहे, म्हणजे कॉर्नफ्लेक्स, मक्याचेच होते. परंतु घटकांत स्वादासाठी यवाच्या माल्टचा अर्क लिहिलेला होता. चिवड्याच्या फोडणीतील हिंग मैदा मिसळून बांधलेला होता. आणि तसाच हिंग आम्ही दिलेल्या हिंग्वाष्टक चूर्णातही होता! पथ्य आईने नव्हे, आम्हीच मोडले होते.

अशा रुग्णास न्याहारीसाठी परदेशी धर्तीच्या महाग पाकिटांची गरज नाही. भाताच्या लाह्या, म्हणजे लाजा, लघु, दीपन, छर्दी-अतिसारात हितकर. अग्नी मंद असता आरंभ लाजांनीच करावा. पृथुक अर्थात पोहे तुलनेने गुरू, म्हणून अग्निबल पाहून द्यावेत. ज्वारीच्या लाह्या नागपंचमीपुरत्याच का असाव्यात? दुधात वा ताकात भिजवून त्या बारमाही चालतात. राजगिऱ्याच्या लाह्यांची गुळातील वडी शाळेच्या डब्यात उत्तम. पातळ पोहे कोरडे भाजून, शेंगदाणे, डाळे, कढीपत्ता, हळद घालून हिंगाविना केलेला चिवडा मुले आवडीने खातात. नाचणीचे माल्ट नाचणीलाच मोड आणून केलेले असेल तर निर्धोक; ‘माल्ट’ या शब्दानेच घाबरू नये, कोणत्या धान्याचे ते पाहावे.

मात्र लाह्या कोठे भाजल्या हेही विचारावे. भट्टीवर त्याच वाळूत गहू भाजला जातो, गिरणीत गव्हामागोमाग नाचणी दळली जाते. भारतीय अन्नसुरक्षा नियमांनुसार ‘ग्लुटेनमुक्त’ पदार्थात किलोमागे २० मिलिग्रॅमहून अधिक ग्लुटेन चालत नाही. एवढ्या अल्प मर्यादेत जात्यात उरलेले पीठही बाधक ठरू शकते. ओट्सची गोष्ट तीच. गव्हाची भेसळ नसल्याची खात्री असलेलेच, तेही व्याधी आटोक्यात आल्यावर, जपून द्यावेत.

आणखी एक. केवळ संशयावरून गहू बंद करवू नये. टीटीजी प्रतिपिंडांची रक्तपरीक्षा रुग्ण गहू खात असतानाच करावी. आधी पथ्य केल्यास ती खोटी निर्दोष येऊ शकते व निदान वर्षानुवर्षे रखडते.

औषधनिर्मात्या बंधूंना विनंती की, हिंग्वाष्टकासाठी हिंग खरेदी करताना तो कशात बांधला आहे हे विक्रेत्याकडून लेखी घ्यावे. मैद्याऐवजी तांदळाच्या पिठात बांधलेला हिंगही मिळतो. वटीच्या बंधनद्रव्यात गव्हाचा स्टार्च असल्यास वेष्टनावर तसे छापावे. आम्ही आता हिंगाच्या प्रत्येक नव्या खरेदीची नोंद वहीत ठेवतो, आणि अशा रुग्णाची पुडी बांधण्यापूर्वी ती वही उघडतो.