पाटीवरचे सव्वादोन तास

प्रश्न : लग्नानंतर झुरिकला आले. पुण्यात असताना सिंहगडसुद्धा गाडीनेच पाहिलेला. इथे मात्र रविवार उजाडला की पाय घरात ठरत नाहीत. आता सोप्या वाटा सोडून उंचावर जायचंय. काय तयारी करू?

उत्तर : सिंहगडावर भज्यांसाठी निम्मं पुणं गाडीनेच जातं, तेव्हा ते मनाला लावून घेऊ नका. स्वित्झर्लंडमध्ये सुमारे ६५,००० किलोमीटरच्या पायवाटा खुणा करून ठेवल्या आहेत. तुम्ही आजवर बहुधा पिवळ्या खुणांवरून चाललात. पुढची पायरी पांढऱ्या-लाल-पांढऱ्या पट्ट्यांची. ही वाट अरुंद, चढी, कुठे कुठे थेट दरीच्या कडेने जाणारी. पांढरा-निळा-पांढरा पट्टा दिसला तर मुकाट्याने मागे फिरा; तिथे कातळ चढावा लागतो, हिमनदीही ओलांडावी लागू शकते.

पाटीवर अंतर नव्हे, वेळ लिहिलेला असतो, आणि त्यात डबा खायला, फोटो काढायला एक मिनिटही धरलेलं नसतं. सव्वादोन तास दिसले तर तुम्ही साडेतीन धरा. शेवटची केबलकार चुकली की सगळा उतार गुडघ्यांवर येतो.

दोन हजार मीटरच्या वर जूनमध्येही सावलीच्या उतारांवर बर्फ असतो, म्हणून जुलै ते सप्टेंबर बरा. उन्हाळ्यात दुपारी गडगडाट होतो, तेव्हा पहाटेची ट्रेन पकडा. घोट्यापर्यंतचे, चांगल्या पकडीचे बूट घ्या. स्पोर्ट्स शूजवर भागवू नका. फोनमध्ये १४१४ हा रेगा या हवाई बचावसेवेचा क्रमांक ठेवा, आणि घरी वाट सांगून निघा.