जपलेली कला

पांझरा नदीच्या काठी वसलेल्या पिंपळनेरच्या परिसरात कलेची उणीव नाही. पोळ्याच्या दिवशी बैलांची शिंगे रंगतात, पाठीवर झुली चढतात. श्रावणात कानबाईच्या उत्सवासाठी घरे सजतात. सण सरला की ही शोभा ओसरते. परंतु पुढील वर्षी ती पुन्हा येते, म्हणून तिच्या जाण्याचे दुःख होत नाही. एखाद्या कलावंताने एकदाच निर्मिलेली कृती नाहीशी झाली, तर मात्र ती कोठून परत आणावी? खानदेशात असा प्रसंग एकदा घडला आहे.

डिसेंबर १९३६ मध्ये, आजच्या जळगाव जिल्ह्यातील फैजपूर येथे काँग्रेसचे अधिवेशन भरले. पंडित जवाहरलाल नेहरू अध्यक्ष होते. खेड्यात भरलेले काँग्रेसचे हे पहिलेच अधिवेशन होय. तेथील सजावटीचे काम महात्मा गांधींनी शांतिनिकेतनातील थोर चित्रकार नंदलाल बोस यांच्यावर सोपविले. आपण चित्रकार आहोत, बांधकाम जाणणारे नव्हे, अशी शंका नंदलालांना वाटली. पण गांधीजींचा आग्रह ढळला नाही. मग बांबू आणि गवत अशा, खेड्यात सहज मिळणाऱ्या साहित्यातून अधिवेशनाची नगरी उभी राहिली. शेतकऱ्याच्या रोजच्या वापरातील बांबूही कलावंताच्या हाती सुंदर होतो, हे लोकांनी पाहिले.

अधिवेशन संपले आणि ती नगरीही उठली. आज तिचे रूप जाणून घ्यायचे, तर जुनी छायाचित्रे व लेखी वर्णने यांवाचून दुसरा आधार नाही.

पुढे फेब्रुवारी १९३८ मध्ये गुजरातेतील हरिपुरा येथील अधिवेशनासाठी नंदलालांनी हातकागदावर चित्रे रंगविली. त्यांत राजे-महाराजे नव्हते. नांगर धरणारा शेतकरी, ढोल वाजविणारा वादक, आपल्या कामात गढलेला कारागीर, अशी ओळखीची माणसे होती. ही चित्रे सुटी असल्यामुळे मांडव उठल्यावरही टिकली. त्यांतील पुष्कळशी नवी दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात सुरक्षित आहेत. एकाच कलावंताच्या हातचे एक काम गेले, दुसरे राहिले. जे राहिले, त्याच्यापुढे आजही एखादा विद्यार्थी उभा राहू शकतो आणि आपल्या गावातील माणसेही चित्राचा विषय होऊ शकतात, हे शिकू शकतो.

हाच विचार नंदलालांचे शिष्य देवीप्रसाद यांनी शाळेत नेला. ते १९४४ साली वर्ध्याजवळील सेवाग्रामला आले आणि तेथील नयी तालीमच्या शाळेत मुलांना कला शिकवू लागले. मुलाने मोठ्यांच्या चित्रांची नक्कल करू नये, स्वतः पाहिलेले व अनुभवलेले रेखाटावे, असे त्यांचे मत होते. त्यांच्या दृष्टीने कला हा शिक्षणाचा अलंकार नसून पाया होता. कारण जे काढायचे, ते आधी नीट पाहावे लागते. आणि नीट पाहणे हेच सर्व ज्ञानाचे पहिले पाऊल आहे.

कलेच्या जपणुकीचे उदाहरण खानदेशातही आहे. चाळीसगावचे केकी मूस (१९१२–१९८९) यांनी आयुष्याचा बहुतेक काळ आपल्या घरातच कलासाधनेत घालविला. टेबलावर लहानलहान वस्तू मांडून ते हुबेहूब देखावे रचीत व त्यांची छायाचित्रे घेत. त्यांच्या निधनानंतर ते घर व त्यातील कलाकृती यांचे जतन झाले.

जपणे म्हणजे केवळ कपाटात कोंडून ठेवणे नव्हे. कडक ऊन लागले की रंग फिके पडतात, ओल लागली की कागदावर बुरशी चढते, वाळवी तर सारेच खाऊन टाकते. म्हणून संग्रहालयात प्रकाश बेताचा ठेवतात व हवेतील ओलही बेताचीच राखतात. प्रत्येक कृतीची नोंद करतात : ती कोणी केली, केव्हा केली, कशापासून केली व कोठून आली. नोंद नसलेले चित्र सुंदर असले तरी मुके असते.

आपल्याच काळात निर्माण होणाऱ्या कलेला समकालीन कला म्हणतात. शहरातील प्रदर्शनात मांडलेले चित्र जसे समकालीन, तसेच पिंपळनेरच्या शाळेतील मुलीने आज काढलेले पांझरेचे चित्रही समकालीनच. नदीचे पात्र बदलेल, काठची झाडे जातील, पूल नवे होतील. पन्नास वर्षांनी आजची पांझरा कशी दिसत होती, असे कोणी विचारले, तर उत्तर त्या कागदावर सापडेल. मात्र तो कागद तोवर टिकला पाहिजे, आणि त्याच्या पाठीमागे नाव, गाव व दिनांक असला पाहिजे. तेवढे लिहावयास एक मिनिट पुरते.