राजूर घाटात मीटर बघू नकोस

मलकापूर

चि. बापूस,

फोनवर तू "हो मामा, हो मामा" करतोस आणि गोष्ट तिथंच राहते, म्हणून लिहायला बसलो. मोताळ्याचा आपला स्पेअरवाला काल गॅरेजवर आला होता. म्हणाला, तुमचा भाचा मोबाईल टाकीवर बांधून गिऱ्हाइकाची ती दोनशे सीसीची गाडी राजूर घाटात फुल थ्रॉटलवर चढवतो. नजर रस्त्यावर नसते, एएफआरच्या, म्हणजे हवा-पेट्रोलच्या प्रमाणाच्या, आकड्यावर असते. तेही रात्री, रस्ता मोकळा मिळतो म्हणून. हे खरं आहे का? खरं असेल तर आजपासून बंद. भाऊ घाटात गेले तेव्हापासून घरात घाटाचं नाव निघालं की तुझी आई, अक्का, कशी गप्प होते, ते तुला मी सांगायचं का?

तू पाठवलेले फोटो चष्मा लावून नीट पाहिले. आयडलला मीटर १७ दाखवतो, म्हणजे लीन, पेट्रोल कमी. तू मॅपमध्ये पेट्रोल वाढवलंस, तरी १७. आणखी वाढवलंस. आणि प्लग? कोरडी काळी काजळी. लीन चालणाऱ्या इंजिनाचा प्लग असा निघेल काहून? मीटर आणि प्लग दोन गोष्टी सांगतात तेव्हा मी आधी प्लगचं ऐकतो.

मीटरच्या सेन्सरला उरलेलं पेट्रोल दिसत नाही रे, त्याला ऑक्सिजन कळतो. तो कुठून आला हे त्याला ठाऊक नसतं. हेडच्या तोंडाशी गॅस्केट फुंकत असेल, किंवा सेन्सर बसवायच्या नटाच्या वेल्डिंगमध्ये टाचणीएवढं भोक राहिलं असेल, तर एक्झॉस्टचा एक झोत गेल्यावर दुसरा येईपर्यंत बाहेरची हवा आत ओढली जाते. तू लावलेला सायलेन्सर आखूड आहे. आयडलला त्याच्या उघड्या तोंडातूनही हवा उलटी येते. आणि मिसफायर असेल तर न जळलेल्या पेट्रोलबरोबर न वापरलेला ऑक्सिजनही बाहेर पडतो. मीटर लीन म्हणतो, तू पेट्रोल वाढवतोस, प्लग आणखी काजळतो, मिसफायर आणखी वाढतो. तू याच फेऱ्यात सापडला आहेस असं मला वाटतं, आणि या फेऱ्यातून घाट चढून सुटका होणार नाही.

इंजिन गार असताना सायलेन्सरच्या तोंडातून ब्लोअरने हवा भर आणि प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी सोड. बुडबुडा कुठं येतो ते बघ. गॅस्केट नवीनच घाल, तिथं सिलिकॉन थापू नकोस, त्याच्या वाफेने सेन्सर मरतो. मीटरच्या वाइडबँड सेन्सरची अर्थ फ्रेमच्या रंगावर आवळली असशील तर काढ आणि मीटरसोबतच्या कागदात दाखवलीय तिथं दे. सेन्सर बाहेर काढून मोकळ्या हवेत कॅलिब्रेट कर, तिथं त्याने २०.९ टक्के ऑक्सिजन दाखवायला हवा. मीटर बंद ठेवून सेन्सर एक्झॉस्टमध्ये तसाच लावून गाडी फिरवू नकोस. हीटर चालू नसला की त्याच्यावर काजळी बसते.

आणि ते १४.७ डोक्यातून काढ. ते शुद्ध पेट्रोलचं गणित. आता पंपावर मिळतं त्या २० टक्के इथेनॉलवाल्या पेट्रोलला साधारण १३.५ लागतं. तुझा मीटर पेट्रोलवर सेट आहे, म्हणून लॅम्डा १, म्हणजे मिश्रण बरोबर, असला की तो १४.७ च लिहिणार, टाकीत काहीही असो. लॅम्डाच बघत जा. सपाट रस्त्यावर १ च्या आसपास, पूर्ण लोडला ०.८६ ते ०.९०. सपाटीवर कंपनीचा ईसीयू त्याच्या नॅरोबँड सेन्सरकडे बघून स्वतःच १ वर परत येतो. पूर्ण थ्रॉटलला तो सेन्सरकडे बघत नाही, ठरलेल्या मॅपवर चालतो, आणि त्या मॅपला तुझा नवा फिल्टर माहीत नाही. खरं लीन होतं ते तिथं, चढावर. पिस्टनला भोक पडतं ते तिथंच. म्हणून तू घाटात जातोस, हे मला कळतं. पण वळणावर इंजिन जाम झालं आणि मागचं चाक धरलं, तर तुझे डोळे कुठं असतील?

घाट उतरताना थ्रॉटल मिटलास की ईसीयू पेट्रोल तोडतो, मीटर एकदम वर जातो. त्यात बिघाड काही नाही. पण तो आकडा बघून तू दचकशील ते नेमकं वळणावर, एवढीच माझी भीती.

लॉगिंग लाव. मोबाईल खिशात, नजर रस्त्यावर, आणि घरी पोचल्यावर लॅपटॉपवर बघ. पूर्ण लोडची ट्यूनिंग पुण्याला डायनोवर कर, पैसे मी देतो. आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये असले बदल बसत नाहीत, हे त्या गिऱ्हाइकाला सांगितलंस का?

रागावू नकोस. १९८५ साली वाळूजला बजाजचा कारखाना निघाला तेव्हा माझे उस्ताद मला म्हणाले होते, "जा, तिथं नवं काम शिकशील." घरची कपाशी वेचायला आली होती, घरात दुसरं माणूस नव्हतं, जाणं झालं नाही. ते अजून सलतं. आरएक्स १०० चा प्लग हातात घेतला की जेट कुठला हवा ते मी सांगायचो, लोक खामगावहून गाड्या आणायचे. पण वायरिंगचं, विजेचं काम राहूनच गेलं. २०२० ला बीएस सहा आली आणि मी या वयात पुन्हा शिकायला बसलो. त्यातलं निम्मं तूच शिकवलंस, माझ्या शेजारी बसून, न कंटाळता. तुझा हात माझ्यापेक्षा चांगला आहे, बापू. हे तुला तोंडावर कधी बोललो नाही.

अक्काला यातलं काही कळू दिलेलं नाही. रविवारी गाडी टेम्पोत घालून मलकापूरला आण, चालवत आणू नकोस. दोघं मिळून जोड तपासू. मामी कळण्याची भाकरी करणार आहे. ठेचा तुला चालेल तसा कमी तिखट करायला सांगितलंय. आणि निघताना फोन कर, मी मोताळ्यापर्यंत समोर येतो.

तुझा,
मामा