पहिल्याच फेरीत विचारा

मुलाखतीचं बोलावणं आलं की आपण कंपनीची माहिती वाचतो, पगार किती मागायचा ते ठरवतो. पण एकूण फेऱ्या किती, शेवटचा निर्णय कोणाचा आणि ती जागा मंजूर तरी झाली आहे का, हे विचारायला संकोच वाटतो. लखनौच्या हजरतगंजातल्या एका खाजगी कंपनीत मी मार्केटिंगच्या जागेसाठी पावसाळ्यात अर्ज केला. थंडी पडली तरी मुलाखती चालूच होत्या.

आधी एचआरचा फोन, मग ऑनलाइन चाचणी, मग विभागप्रमुख, मग व्हिडिओ कॉलवर दिल्लीचे साहेब. मधेच विभागप्रमुख बदलले, म्हणून नव्यांपुढे सगळं पहिल्यापासून. लग्नानंतर मी लखनौला आले, त्यामुळे ‘पति का ट्रांसफ़र हो गया तो?’ हा प्रश्न प्रत्येकाने विचारला. आधीच्या फेरीत मी काय उत्तर दिलं, हे कोणाच्याच कागदावर नव्हतं.

रिसेप्शनवर बाकीचे उमेदवार भेटत. सीतापूर, गोंड्याची मुलं पहाटेची बस धरून कैसरबागच्या अड्ड्यावर उतरत आणि चालत हजरतगंजात येत. त्यांना अदबीने बसवलं जाई, पाणी विचारलं जाई, आणि दुपार उलटल्यावर तितक्याच अदबीने सांगितलं जाई की साहेब आज येणार नाहीत. इतकं गोड बोलल्यावर जाब कसा विचारणार? भाडं मात्र ज्याचं त्याने भरायचं.

एकदा आम्ही तिघं तिथून निघून कॉफी हाऊसमध्ये बसलो आणि आपापल्या असाइनमेंट काढल्या. मला गोमतीनगरातल्या विक्रीचा आराखडा करायला सांगितला होता, दुसऱ्याला आलमबागचा, तिसऱ्याला चौक भागातला. तिन्ही जोडले की निम्म्या शहराचा अभ्यास तयार, तोही फुकट. आमच्यातल्या एकाने ‘आता फक्त औपचारिकता उरली आहे’ या तोंडी शब्दावर हातातली नोकरी सोडली होती. पुढे ती जागाच रद्द झाली. ते त्याला कोणी कळवलंही नाही. मी फोन करून विचारलं तेव्हा आम्हाला समजलं.

इतक्या फेऱ्यांनी माणूस जास्त कळतो, असंही नाही. गूगलने आपल्याच मुलाखतींचा अभ्यास केला, तेव्हा चार मुलाखती पुरेशा ठरल्या. पुढच्या प्रत्येकीने अंदाजात नाममात्र भर पडत होती. केंद्र सरकारने तर १ जानेवारी २०१६ पासून गट क, गट ड आणि गट ब अराजपत्रित पदांच्या मुलाखतीच बंद केल्या. माझ्या मते खाजगी कंपनीत फेऱ्या वाढतात त्या बहुतेकदा निर्णयाची जबाबदारी कोणाला नको असते म्हणून, किंवा जागेला मंजुरी नसताना उमेदवार धरून ठेवायचे असतात म्हणून.

म्हणून पहिल्याच फेरीनंतर ईमेल करून फेऱ्या, निर्णयाची तारीख आणि जागेची मंजुरी विचारा. विचारल्याने नोकरी जात असेल तर जाऊ द्या. असाइनमेंट दोन-तीन तासांत होण्यासारखी असेल तरच करा. त्यात पद्धत दाखवा, पूर्ण काम देऊ नका. बाहेरगावाहून येत असाल तर निघण्याआधी वेळ पक्की करून घ्या, पहिल्या फेऱ्या व्हिडिओवर मागा.

आणि ऑफर लेटर, रुजू होण्याची तारीख हातात आल्याशिवाय राजीनामा देऊ नका. ऑफर लेटर मिळालं तरी दुसरे अर्ज थांबवू नका. २०२२ मध्ये इन्फोसिसची ऑफर मिळालेले सुमारे दोन हजार पदवीधर दोन वर्षं रुजू होण्याची वाट पाहत होते. पुण्याच्या ‘नाइट्स’ या आयटी कर्मचारी संघटनेने २०२४ मध्ये केंद्रीय श्रम मंत्रालयाकडे तक्रार नेली.

वाचकांत कोणी एचआरमध्ये असेल, तर माझी एकच विनंती आहे. जागा रद्द झाली किंवा दुसऱ्याची निवड झाली, की त्याच दिवशी दोन ओळींचा नकार पाठवा. गोंड्याच्या मुलाचं पुढच्या बसचं भाडं वाचेल.